आमच्या बाजारातलं वाचनालय : साडेतीन स्टार, पण मेंबरशिप सोडणार नाही

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथली माणसं मला रोज बाजारात भेटतात. देवगड-मालवण पट्ट्यातल्यांना वर्णनावरून कळेलच, बाकीच्यांनी आपल्या तालुक्याचं समजून वाचा, सगळीकडे साधारण असंच असतं. खाली गाळे भाड्याने दिलेले, बाजूने अरुंद जिना, वर एक मोठा हॉल, पेपर वाचायचं लांबलचक टेबल, भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे फोटो आणि पंखा कुठला लावायचा यावरून दोन आजोबांचं चाललेलं.

आधी पैशाचं सांगते. अनामत 500, महिन्याची वर्गणी 50, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, मुदत 15 दिवस. आता हिशोब करा, रोज 20 पानं वाचली तर 300 पानांची कादंबरी बरोबर मुदतीत संपते, आणि 20 पानं म्हणजे कुकरच्या शिट्या होईपर्यंत थोडी आणि रात्री आडवं पडल्यावर थोडी, बस. मला या वाचनालयाची सगळ्यात मोठी किंमत वाटते ती या 15 दिवसांची. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ती चिठ्ठी चिकटवलेली असते ना, तारखांचे निळे शिक्के मारलेली, ती माझ्याकडून जेवढं वाचून घेते तेवढं आजवर कुठल्या संकल्पाने घेतलं नाही.

कारण आमच्या वयाचे सगळे एकच रडगाणं गातात, लहानपणी खूप वाचायचो गं, आता वेळच नाही. वेळ असतो हो. रात्री साडेदहाला रील बघायला बसलं की साडेअकरा वाजतातच, तो वेळ कुठून येतो? वेळेचं कारण मला पटत नाही, आपल्याला विचारणारं कोणी नसतं हे खरं कारण. विकत घेतलेलं पुस्तक कपाटात प्लास्टिकसकट पडून राहतं, ते आपलंच आहे, कुठे पळून जाणारे का. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येतात ढिगाने, त्यातल्या निम्म्या चोरीच्या असतात ते सोडा, पण एक तरी कोणी उघडून शेवटापर्यंत वाचलीय का? फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर मराठी विकिस्रोतवर जुनी पुस्तकं आहेत (लेखक जाऊन 60 वर्षं झाली की आपल्याकडे कॉपीराइट संपतो), छान आहेत, पण तिथेही परतीची तारीख नाही, आणि मी तारखेशिवाय हलत नाही. ज्यांना आतूनच वाचावंसं वाटतं त्यांना नमस्कार, हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी नाही.

आता माणसं. ग्रंथपाल ताई शांत, रजिस्टरमधून मान वर न करता पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते सांगतात. खरे स्टार मात्र आप्पांना, म्हणजे तिथल्या शिपायांना. हे गृहस्थ प्रत्येकाच्या घरी काय चाललंय ते धरून पुस्तक देतात. मार्चच्या शेवटी मी एक सहाशे पानी ऐतिहासिक कादंबरी घेऊन काउंटरवर आले तर म्हणाले, "वयनी, ह्या आता नेव नकात, आंबे सुरू झालेहत, तुमच्यान् वाचून जावचा नाय." आणि हातात एक बारीकसा कथासंग्रह ठेवला. बरोबरच होतं त्यांचं. एप्रिल-मे आमच्याकडे पेट्या, पेंढा, मजूर, फोन, त्यात एक कथा झोपायच्या आधी झाली तरी खूप. कुठलं अॅप मला हे सांगणार होतं, ते फक्त वर्षाला 50 पुस्तकांचं टार्गेट लावा म्हणतं आणि मग मागे पडलात म्हणून हिणवतं. वाचनाचा सिझन असतो हे शहरात बसून कळत नाही. आंब्यात कमी, पावसात जास्त, गणपतीत शून्य, दिवाळी अंकांच्या वेळी उधाण. तसं धरून चाललं की दोन महिने खंड पडला तरी आपलं वाचन सुटलं असं वाटत नाही.

पावसातली गंमत वेगळीच. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्यावर ओढून शाकारलेले, त्यामुळे एरवी वाचनालयात न दिसणारी माणसं पेपरच्या टेबलावर दिसायला लागतात, आणि रहस्यकथांचं कपाट बघता बघता रिकामं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर मिळेल, नंतर नंबर लावा.

पुस्तकांची अवस्था मिक्स आहे. समुद्राकाठची हवा, हवेतला दमटपणा 65-70 टक्क्यांच्या वर गेला की कागदावर बुरशी धरायला लागते आणि आपल्याकडे पावसात तो महिनोन्महिने त्याच्या वरच असतो, शिवाय बाइंडिंगला लावलेली खळ म्हणजे कसरीचं आवडतं जेवण. कपाटं उघडी-मिटी करणं, डांबराच्या गोळ्या, ऑक्टोबरच्या उन्हात पुस्तकं काढून उभी ठेवणं, हे सगळं ही मंडळी करतात, मी बघितलंय, तरी खालच्या फळीतली काही पुस्तकं उघडली की पहिलं शिंकायचं आणि मग वाचायचं. पण चिपळूणचं आठवलं की गप्प बसावंसं वाटतं. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं, आणि 22 जुलै 2021 च्या पुराचं पाणी त्याच्यातही शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर 1828 चं. कोकणात इतकी वर्षं इतक्या पावसात कागद जपणं ही साधी गोष्ट नाही.

एक गोष्ट मात्र नव्या मेंबरांना सांगून ठेवते. पुस्तकात पान 21 वर किंवा 51 वर कोपऱ्यात पेन्सिलीने छोटी खूण दिसेल, फुली, टिंब, कोणाचं तरी "सु", कोणाचं "१०७". खोडू नका. आपल्याकडच्या आज्ज्यांची ही सिस्टीम आहे, पुस्तक आधी वाचलंय का ते नाव बघून आठवत नाही, मग आपलं ठरलेलं पान उघडायचं आणि खूण बघायची. माझ्या सासूबाईंची खूण अजून सापडते अधूनमधून, कुठलं पुस्तक त्यांनी वाचलं होतं ते मला तिथेच कळतं, आणि खरं सांगू का, त्यांनी वाचलेलं निघालं की मी ते घेऊनच येते, त्यांची आवड माझ्यापेक्षा चांगली होती.

आता तक्रारी. वेळ सकाळी 9 ते 12 आणि संध्याकाळी 4 ते 7, सोमवारी बंद. नोकरी करणाऱ्या बाईने जायचं कधी? मी पतपेढीतून सुटते तेव्हा साडेसहा, धावत जायचं आणि ताईंनी तोवर कुलूप हातात घेतलेलं असतं. शनिवारी तरी 8 पर्यंत ठेवा म्हणून मी लेखी दिलंय, उत्तर नाही. दुसरं, नवीन पुस्तकं. ज्याच्याबद्दल सगळीकडे बोललं जातंय ते पुस्तक इथे यायला वर्ष जातं. कारण मला माहितीय, 1967 च्या कायद्याप्रमाणे अ, ब, क, ड असा जो वर्ग मिळालाय त्यावर सरकारी अनुदान ठरतं, ते हप्त्याने येतं, त्यातून पगार, लाइट बिल आणि मग उरलं तर खरेदी, ती पण मार्च गाठून एकदम. कळतं सगळं, पण मागणीच्या वहीत लिहिलेली नावं तरी खरेदीला जाताना सोबत न्या, त्याऐवजी जाडजूड आत्मचरित्रं उचलून आणता ती कोण वाचतं? आणि बालविभाग म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली कायम दुसऱ्याकडे. मुलं काय पाठ करून घेणार आहेत का कपाट. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण एक स्टार कापलाय. उरलेला अर्धा टॉयलेटसाठी, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दिवाळी अंक योजना मात्र डोळे झाकून घ्या. 1909 मध्ये 'मनोरंजन'चा अंक निघाला तेव्हापासूनची ही आपली चैन, आता एकेक अंक तीनशे-चारशेला पडतो, दहा घेतले तर खिसा साफ. इथे वेगळी एकरकमी वर्गणी भरायची आणि जानेवारीपर्यंत एकामागून एक न्यायचे, मुदत फक्त 4 दिवस, ती कडक पाळतात, पाळायलाच हवी. ज्यांचं वाचन पार बंद पडलंय त्यांनी कादंबरीने सुरुवात करण्यापेक्षा इथून करावी असं माझं मत. आवडलं नाही तर पान उलटायचं, पुढे कविता, पुढे व्यंगचित्र, पुढे वर्षाचं राशिभविष्य आहेच, अपराधी वाटत नाही आणि हात वाचायच्या वळणावर येतो. योजनेची नावं गणपती झाले की घ्यायला लागतात, नवरात्रापर्यंत चांगले अंक आधी मिळणाऱ्यांची यादी भरलेली असते.

मेंबर व्हायला दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि जुन्या सभासदाची एक सही लागते. सही द्यायला ओळखीचं कोणी नसेल तर संध्याकाळी साडेसहानंतर जिन्यात धापा टाकत चढणारी बाई दिसेल, ती मीच, फॉर्म घेऊन थांबा, सही करते.