ढिगाऱ्यात शिरणारा रोबो की आकाशातला ड्रोन? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या पथकाने आधी काय घ्यावं

ऐरोलीतल्या काही सोसायट्यांनी मिळून एक आपत्ती पथक उभं केलं आहे. वीसेक तरुण मुलं-मुली, त्यातले काही जण आपदा मित्र हे स्वयंसेवकांसाठीचं सरकारी आपत्ती प्रशिक्षण पूर्ण केलेले. रबाळ्याच्या एका कारखान्याने सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून त्यांना एक मोठं उपकरण घेऊन द्यायचं कबूल केलं आणि पथकात दोन तट पडले. अर्ध्यांना उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन हवा, अर्ध्यांना रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारा रोबो. सरावाच्या निमित्ताने माझं त्यांच्याकडे जाणं-येणं असतं, म्हणून प्रश्न माझ्यापर्यंत आला. कळवा, मुंब्रा, घणसोली, बेलापूर इथल्या पथकांनाही आज ना उद्या तो पडणार, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

आधी आपल्याकडे माणूस अडकतो कुठे ते पाहू. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळची इमारत कोसळली, ७४ जीव गेले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर आली. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात उभी राहिली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. ढिगारा, पाणी, डोंगर आणि केमिकलची आग. या चारही ठिकाणी चालेल असं एकच यंत्र कुठेही मिळत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

पट्ट्यांवर चालणारा रोबो

शोध-बचावात रोबो वापरल्याची पहिली मोठी नोंद ११ सप्टेंबर २००१ नंतरची, न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यातली. बुटांच्या खोक्याएवढे छोटे रोबो माणूस किंवा कुत्रा जाऊ शकत नव्हता अशा पोकळ्यांत सोडले गेले. जिवंत कुणी त्यांना सापडलं नाही, पण कुठली पोकळी रिकामी आहे हे माणसाचा जीव धोक्यात न घालता कळू लागलं. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या इमारतीत पॅकबॉट रोबो गेले, कारण तिथल्या किरणोत्सर्गात माणसाला उभं करणंच चूक होतं. रोबोची खरी जागा ही अशी.

अडचणीही तिथेच दिसल्या. सळयांनी भरलेल्या काँक्रीटमध्ये रेडिओ लहरी मरतात, म्हणून रोबोला मागे केबल लावावी लागते, आणि केबल अडकते. फुकुशिमातच क्विन्स नावाच्या जपानी रोबोची केबल निकामी झाली आणि तो आतच राहिला. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत २०१० मध्ये सैन्याचा रोबो साधारण ५५० मीटर आत गेला आणि पाणी शिरून बंद पडला. आपल्या बहुतेक इमारती पावसाळ्यातच पडतात हे लक्षात घ्या.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आपल्या ढिगाऱ्याचं रूप. ठाण्यातल्या जुन्या चार-पाच मजली इमारती बसतात तेव्हा स्लॅबवर स्लॅब येतो, भाकऱ्यांची चवड रचावी तसा. मधली फट कधी वीतभर, कधी चार बोटं. फूटभर उंचीचा रोबो त्यात शिरतच नाही. मोठ्या पोकळ्या जिन्याखाली, बीमच्या कोपऱ्यात मिळतात, पण तिथवर वाट आधी हातानेच करावी लागते. उत्तराखंडच्या खचलेल्या सिलक्यारा बोगद्यातही रोबो आणले होते, पण सुट्या राडारोड्यावर त्यांचा निभाव लागला नाही. शेवटचे काही मीटर रॅट मायनर म्हणवणाऱ्या कामगारांनी हातांनी खोदले आणि २८ नोव्हेंबर २०२३ ला, सतराव्या दिवशी, ४१ जण बाहेर आले.

दांडीवरचा सर्च कॅमेरा

दोन्ही तटांपैकी कुणीही मागितलेलं नाही, असं हे उपकरण. लांब होणारी दांडी, टोकाला वळणारा छोटा कॅमेरा, दिवे, माइक आणि स्पीकर. तीन-चार बोटांच्या फटीतून आत जातो. फट नसेल तर कोअर कटरने स्लॅबला भोक पाडून घालता येतो. सिलक्याऱ्यात अडकलेल्यांचे चेहरे जगाने पहिल्यांदा पाहिले ते सहा इंची पाइपातून आत सरकवलेल्या कॅमेऱ्यामुळेच. याचाच पुढचा अवतार जपानच्या तोहोकू विद्यापीठात तयार झाला: नळीभोवती बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कंप पावले की नळी स्वतः पुढे सरकते. २००८ मध्ये अमेरिकेत जॅक्सनव्हिलला कोसळलेल्या पार्किंगच्या इमारतीत ती वापरली गेली. २०१७ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात सापासारखा रोबोही आत सोडला होता.

साध्या दांडीचा मोठा गुण म्हणजे आतल्या माणसाशी बोलता येतं. नाव काय, पाय हलतो का, शेजारी कोण होतं, आवाज कुठून येतोय. या चार उत्तरांवर पोकलेन कुठे लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही हे ठरतं. अर्थात त्यासाठी सगळी यंत्रं बंद करून, गर्दीला मागे सारून पूर्ण शांतता करावी लागते, आणि गर्दी शांत करणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. ते सोसायटीतल्या ओळखीच्या मुलांना बाहेरच्या पथकापेक्षा चांगलं जमतं.

कॅमेरा काय करत नाही तेही सांगतो. माणूस कुठल्या बाजूला आहे हे त्याला आधी कळत नाही. वास घेणारं कुत्रं तिथे अजूनही पुढे आहे. २०२३ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती दलाच्या, रोमिओ आणि ज्युली या कुत्र्यांनी सहा वर्षांची मुलगी शोधून दिली. पथकाने कुत्रं पाळायचं कारण नाही, पण ठाणे महापालिकेचं आपत्ती दल टीडीआरएफ आणि एनडीआरएफ यांना कळवायला उशीर करू नये. ढिगाऱ्याखालचे श्वास आणि हृदयाचे ठोके टिपणारं फाइंडर रडार नासाच्या प्रयोगशाळेच्या सहभागातून तयार झालं. २०१५ मध्ये नेपाळच्या चौतारा गावात चार जण त्याच्या मदतीने वाचले. तेही मोठ्या पथकांनीच बाळगायचं साधन.

ड्रोन

ड्रोन घ्या असं म्हणणाऱ्यांचं मला निम्मं पटतं. खारघरच्या टेकड्यांत पावसाळ्यात अडकणारी मुलं, पारसिकच्या उतारावरच्या वस्त्या, पुराने वेढलेलं गाव अशा ठिकाणी दहा मिनिटांत वरून चित्र मिळणं फार मोलाचं. इर्शाळवाडीला रस्ता नव्हता, यंत्रसामग्री वर नेता येत नव्हती, माणसं चिखलातून पायी चढली. त्या चढणीत नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी हृदयविकाराने गेले. वर कुणाला, किती जणांना आणि कुठल्या वाटेने पाठवायचं हे आधी कळण्याची किंमत त्या दिवसापासून मला वेगळी वाटते.

पण थर्मल कॅमेरा पृष्ठभागाची उष्णता पाहतो, काँक्रीटच्या आरपार नाही. स्लॅबखालचा माणूस त्याला दिसणार नाही. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेला पत्रा आणि दगड माणसाहून गरम असतात, तेव्हा चित्रात काही वेगळं काढता येत नाही. पहाटेची वेळ सगळ्यात चांगली. जुलैच्या वाऱ्या-पावसात साधा ड्रोन उडतच नाही, म्हणून पाणी आणि वाऱ्याला टिकण्याचा दर्जा कागदावर मागा.

परवानगीचं प्रकरणही आपल्याकडे नाजूक आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या परिघापासून १२ किलोमीटरपर्यंतचा भाग बंधनाखाली येतो. आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे उलवे, बेलापूर, नेरूळ, खारघर इथल्या पथकांनी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. ऐरोलीनेही तो पाहावाच. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. देशी ड्रोनसाठी लांब जायचीही गरज नाही: २०१३ च्या उत्तराखंडच्या पुरात ज्यांचा नेत्र ड्रोन शोधकामात होता ती आयडियाफोर्ज कंपनी आपल्या महापेचीच.

एका पथकाचा ड्रोन गेल्या पावसाळ्यात गरज पडली तेव्हा उडाला नाही. बॅटऱ्या चार महिने कपाटात पडून फुगल्या होत्या आणि एकुलता एक पायलट गावी गेला होता. फार वाईट वाटलं, कारण मुलं मनापासून धावली होती. म्हणून किमान दोन परवानाधारक पायलट आणि महिन्याचा सराव ठरल्याशिवाय ड्रोन घेऊ नका.

आग आणि पाणी

अग्निशमन रोबोबद्दल थोडक्यात. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली तेव्हा छत कोसळण्याच्या भीतीने जवान बाहेर काढले आणि कोलोसस नावाचा अर्ध्या टनाचा रोबो पाण्याची लाइन ओढत आत गेला. सॉल्व्हंटचे ड्रम फुटत असताना आपल्या एमआयडीसीतही हेच हवं. पण त्याला वाहायला गाडी लागते, सतत पाण्याचा पुरवठा लागतो आणि गाळ्यांमधल्या गल्लीत वळायला जागा लागते. रहिवासी पथकाचं हे काम नव्हे. रबाळे-महापे-पावणेच्या कारखान्यांनी मिळून एक घ्यावा आणि अग्निशमन केंद्रात ठेवावा.

पाण्यासाठी रिमोटवर चालणारी लाइफबॉय, म्हणजे बुडणाऱ्याने धरायची तरंगती रिंग, मिळते. खाडीकाठच्या, तलावाजवळच्या पथकाला ती उपयोगी, मात्र बुडणारा शुद्धीवर असून तिला धरू शकला तरच. पाण्याखाली कॅमेरा सोडणारे रोबो आपल्या गढूळ खाडीत आणि दगडखाणींच्या डबक्यांत आंधळे होतात. तिथे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं चित्र देणारं सोनार यंत्र लागतं.

ऐरोलीला मी काय सांगितलं

पहिला पैसा सर्च कॅमेऱ्यावर, त्याच्यासोबत कोअर कटर आणि कान लावून ऐकण्याचं साधं उपकरण. पैसे उरले आणि दोन पायलट तयार झाले तर दुसऱ्या वर्षी थर्मल ड्रोन. पट्ट्यांचा रोबो घेऊ नये. सी-१ यादीतल्या, म्हणजे अतिधोकादायक ठरलेल्या इमारती ज्यांच्या प्रभागात जास्त आहेत त्या कळवा-मुंब्र्याच्या पथकांनाही हाच क्रम. डोंगरपायथ्याच्या पथकाने मात्र तो उलटा करावा आणि ड्रोन आधी घ्यावा.

घेण्याआधी विक्रेत्याला हॉटेलच्या सभागृहात बोलावू नका. पाडकाम चाललेल्या इमारतीच्या मालकाची परवानगी काढा, राडारोड्यावर टँकरने पाणी मारा, आत एक मोबाइल चालू ठेवून गाणं लावा, आणि ते शोधायला विक्रेत्याला न देता पथकातल्या सगळ्यात नवख्या मुलीच्या हातात यंत्र द्या.