उजवीकडचा गिअर, टाचेखालचा न्यूट्रल : जुनी बुलेट ३५० पहिली गाडी म्हणून

गाडी उत्तम. गॅरेजवाल्यांपासून मात्र जपा. एवढ्यावर हा अनुभव संपला असता, पण पावसाळ्यानंतर एका गॅरेजनं जो खर्चाचा आकडा हातात ठेवला, त्यामुळे सविस्तर लिहिणं भाग आहे. गाडी काही आठवडे उभी होती. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) कोरडी दिसली म्हणून त्यांनी जवळजवळ लिटरभर ऑइल ओतलं. चालू केल्यावर सायलेन्सरमधून धुराचे लोट आणि इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून ऑइलची पिचकारी. निदान काय, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर करा, नवा पिस्टन टाका. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये ऑइलची टाकी वेगळी नसते, क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) मागच्या कप्प्यात असते. गाडी उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपत झिरपत क्रँकखाली उतरतं. म्हणून डिपस्टिक कोरडी दिसते. ऑइल कुठेही गेलेलं नसतं, फक्त कप्पा बदललेला असतो. अशा वेळी वरून ओतलं की एकूण ऑइल जास्त होतं आणि इंजिन ते मिळेल त्या वाटेनं बाहेर फेकतं. बरोबर पद्धत अशी : गाडी चालू करा, पहिली काही मिनिटं धूर आला तर येऊ द्या, इंजिन गरम झालं की बंद करा, थोडं थांबा आणि मग डिपस्टिक पाहा. महिनोन्महिने उभी असेल तर खालचा ड्रेन बोल्ट उघडून साचलेलं ऑइल काढा आणि स्वच्छ असेल तर गाळून पुन्हा वर ओता. ड्रेन बोल्ट दोन आहेत, एक टाकीच्या कप्प्याचा, एक क्रँकखालचा. ऑइल बदलताना दोन्ही उघडले नाहीत तर जुनं ऑइल आतच राहतं, आणि पैसे मात्र पूर्ण ऑइलचे जातात. ग्रेड २०डब्ल्यू-५०, दोन लिटरच्या थोडं वर. महागडं सिंथेटिक या इंजिनाला नको.

आता मूळ मुद्दा. ज्याला गिअरची गाडी अजिबात येत नाही, त्यानं उजव्या गिअरची जुनी बुलेट घ्यावी का? ऐकायला मिळतं ते बहुतेक ‘नको’. कारण एकच दिलं जातं : गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली, म्हणजे सगळंच उलटं. पण उलटं कोणाला? ज्याच्या पायाला दुसरी सवय लागली आहे त्याला. स्कूटी सोडून काहीच चालवलेलं नसेल तर पायांना कसलीच सवय नसते, आणि ही मांडणी तितक्याच वेळात अंगवळणी पडते. धोका गाड्यांची अदलाबदल करताना आहे, आणि तो खरा आहे. आजच्या गाड्यांवर शिकलेला माणूस बुलेटवर घाबरला की उजवा पाय दाबतो. ब्रेक लागत नाही, उलट वरचा गिअर पडतो. बुलेटवर शिकलेला माणूस मित्राच्या नव्या गाडीवर घाबरला की डावा पाय दाबतो, तिथे खालचा गिअर पडतो आणि मागचं चाक अडखळतं. म्हणून पहिले काही महिने दुसऱ्याची गाडी मागू नका, आपली देऊ नका. मित्र नाराज झाले तर होऊ द्या.

शिकायला सुरुवात मेन स्टँडवर, इंजिन बंद ठेवून. मागचं चाक हातानं थोडं पुढेमागे फिरवत गिअर टाका, नाहीतर दातात दात बसत नाही आणि लिव्हरवर फुकट जोर पडतो. मग रिकामं मैदान. हे लांब स्ट्रोकचं इंजिन आहे (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९०), त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता नुसता क्लच हळू सोडला तरी गाडी माणसाच्या चालीनं पुढे सरकते. नवशिक्याला याहून सोपं काही नाही. शंभर सीसीच्या गाडीवर क्लच आणि रेस यांचा मेळ घालताना जी धडपड होते ती इथे जवळजवळ नाही. वजन १६० किलोच्या वर, पण ते खाली आहे. चालत्या गाडीवर जाणवत नाही, गाडी ढकलताना आणि स्टँडला लावताना जाणवतं.

क्लच सकाळी चिकटलेला असतो. चावी लावण्याआधी क्लच दाबून धरा आणि दोन-तीनदा किक खाली न्या, म्हणजे प्लेटा सुट्या होतात. हे केलं नाही तर पहिला गिअर टाकताना गाडी उडी मारते, आणि नवीन माणूस ती तिथेच पाडतो.

किकचं भय अकारण वाढवलेलं आहे. पेट्रोलचा कॉक उघडा, चावी लावा. किक हळूहळू दाबत न्या, कुठेतरी ती जड होऊन अडते. त्या वेळी हेडलाइटच्या वरचा अ‍ॅम्पिअरचा काटा मध्यावर हवा. काटा मायनसकडे झुकलेला असेल तर पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) एकमेकांना टेकलेले आहेत, आणखी पुढे जायचं आहे. काटा मध्यावर आला की डाव्या हाताखालची डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) खिट्टी दाबून किक इंचभर पुढे सरकवा. खिट्टी सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग अ‍ॅक्सिलरेटर न देता शेवटपर्यंत एकसारखी किक. पायात चप्पल नको, गुडघा ताठ नको, आणि पंजा नको, तळव्याचा मधला भाग किकवर. डीकॉम्प न वापरता अर्धवट जोर लावला की किक उलटी येते आणि घोटा धरतो. एवढं सगळं नीट करूनही किक वारंवार उलटी येत असेल तर दोष तुमचा नाही, ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं आहे किंवा पॉइंटखालच्या ऑटो-अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा सैल पडल्या आहेत.

आता त्या पेडलविषयी, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. गिअर लिव्हरच्या मागे टाचेपाशी एक छोटं पेडल असतं. क्लच दाबा, टाचेनं ते खाली दाबा, गाडी थेट न्यूट्रल. चौथ्यात असा, तिसऱ्यात असा, दुसऱ्यात असा, एका दाबात न्यूट्रल. सिग्नलला पुढे-मागे पाय हलवत न्यूट्रलचा हिरवा दिवा शोधत बसायचं नाही, आणि या गाडीत तसा दिवाही नाही. फक्त पहिल्या गिअरमधून ते चालत नाही. म्हणून सिग्नलकडे येताना पहिल्यात उतरूच नका, दुसऱ्यात थांबा आणि टाच दाबा. नवशिक्या सर्वांत जास्त कुठे गांगरत असेल तर मागून हॉर्न वाजत असताना न्यूट्रल शोधताना, आणि नेमका तोच प्रश्न या गाडीनं साठ-सत्तर वर्षांपूर्वी सोडवून ठेवला होता. आजच्या लाखोंच्या गाड्यांवर हे का नाही, कळत नाही. विकत घेताना टायर, सीट, क्रोम नंतर पाहा. आधी हे पेडल आहे का आणि चालतं का ते पाहा. पुष्कळ गाड्यांवर कोणीतरी काढून फेकलेलं असतं, किंवा शाफ्टवर गंजून बसलेलं असतं. गंजलं असेल तर दोन दिवस डिझेल टाकून ठेवा, सुटतं.

याच गिअरबॉक्सचा दुसरा गुण वाईट आहे. दोन गिअरांच्या मध्ये खोटा न्यूट्रल लागतो, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्यात आणि तिसऱ्या-चौथ्यात. खंबाटकी किंवा कात्रजच्या उतारावर तो लागला तर इंजिनाचा आधार एकदम जातो. गिअर टाकताना लिव्हर शेवटपर्यंत न्या आणि क्लच सुटेपर्यंत पाय तिथेच ठेवा. उतार सुरू होण्याआधी दुसरा किंवा तिसरा टाकून ठेवा, मध्ये बदलू नका.

ब्रेकबद्दल आधी मत वाईट होतं, ते बदललं. पुढचा ड्रम नुसत्या जोरावर थांबवत नाही, हे खरंच. पण बऱ्याच गाड्यांवर ब्रेक मुळात नीट जुळवलेलाच नसतो. ब्रेक लागलेल्या अवस्थेत ड्रमवरचा लिव्हर आणि केबल यांच्यात काटकोन हवा. लायनर झिजले तरी केबलचा नट आवळत राहिल्यानं तो कोन बिघडतो आणि कितीही दाबलं तरी पकड येत नाही. काटकोन जमवला, ड्रममधलं ग्रीस पुसलं, की ६० च्या वेगाला पुरेसा ब्रेक आहे. पावसात पाण्यातून गाडी काढली की शंभर मीटर ब्रेक हलका धरून चालवा, लायनर कोरडे होतात. ८० च्या वर या गाडीला नेऊ नका. ब्रेक हे एक कारण, दुसरं म्हणजे क्रँकच्या मोठ्या बेअरिंगला बहुतेक गाड्यांत फ्लोटिंग बुश असतो आणि त्याला सततची जास्त रेस सोसत नाही, थंड इंजिनावर दिलेली तर मुळीच नाही. सकाळी दोन मिनिटं आयडलवर ठेवा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि सुरुवातीला पटतोही. पावसाळा काढल्यावर पटत नाही. पॉइंटला लागतं काय? एक फीलर गेज (फट मोजायच्या पात्या), एक स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर. कव्हर उघडा, गॅप सर्वांत जास्त होईपर्यंत इंजिन फिरवा, ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. कॅमला घासणाऱ्या फेल्टवर ऑइलचा एकच थेंब. जास्त टाकलं तर ते पॉइंटवर उडतं आणि मिसिंग सुरू होतं. गाडी थंडीत चालते, गरम झाली की बंद पडते, निवल्यावर पुन्हा चालू होते, आणि पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसते, तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा भाग) गेला. गॅरेजमध्ये हेच लक्षण सांगितलं की कार्बोरेटर उघडतात, कॉइल बदलतात, प्लग बदलतात, आणि शेवटी कंडेन्सरवर येतात. बिल मात्र सगळ्यांचं. बाजारातले हलके कंडेन्सर नवे असतानाच खराब निघतात, म्हणून पुण्यात नाना पेठेत किंवा जिथे घ्याल तिथे दोन घ्या, एक बसवून तपासा, दुसरा टूलबॉक्समध्ये.

टॅपेटही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची जुळणी) स्वतः करता येतात. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला वर. सिलिंडरच्या बाजूचं छोटं झाकण एकाच नटवर आहे. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. आवाज नको म्हणून मेकॅनिक जास्त आवळतात. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो, आणि कॉम्प्रेशन जातं. थोडी टिकटिक असू द्या.

डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनकेसचं (इंजिनापासून क्लचपर्यंतच्या चेनच्या डब्याचं) झाकणही एकाच मोठ्या नटवर धरलेलं आहे, मध्ये रबरी सील. गळतं म्हणून नट आवळत गेलात तर झाकण वाकतं आणि आणखी गळतं. सील बदला, नट बेतानं लावा. आतल्या चेनला ६ मिमी खेळ हवा.

टायरची हवा पंपावर ‘नेहमीची’ सांगू नका. एकट्यासाठी पुढे १८, मागे २८. पुढे ३० भरली की खड्ड्यात हँडल हातातून जातं आणि दोष शॉकअपना दिला जातो. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुने रबरी भाग फुगतात आणि टाकीत पाणी धरतं. गाडी दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा, आणि टाकी भरलेली ठेवा.

घेताना विकणाऱ्याकडे न सांगता जा किंवा आधी सिलिंडरला हात लावून पाहा. गरम असेल तर थंडीतली अडचण लपवली आहे. चावी बंद ठेवून, डीकॉम्प न दाबता किकवर उभे राहा. किकनं काही क्षण वजन पेललं पाहिजे, मग सावकाश खाली जावं. लगेच खाली गेली तर कॉम्प्रेशन नाही, आणि तेव्हाच बोअरचा खर्च भावातून कमी करा.

‘विंटेज गाडी’ म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून सोडून द्या. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी ५० वर्षांवरच्या गाडीला मिळते, तिची फी २०,००० रुपये, आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. शिकायला घ्यायची गाडी साध्या नोंदणीची हवी. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी री-पासिंग. त्याची फी २०२२ पासून १,००० आणि २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून २,००० रुपये, वर पर्यावरण कर, शिवाय नवी नंबर प्लेट ४५० अधिक जीएसटी. हे सगळं थकलेलं असेल तर ते विकणाऱ्यानं भरायचं, घेणाऱ्यानं नाही. परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून नोंद दिसते का पाहा. पुष्कळ जुन्या गाड्यांची नोंद ऑनलाइन चढलेलीच नसते आणि ती चढवायला मूळ आरटीओत जावं लागतं, गाडी कोल्हापूरची असेल तर कोल्हापुरात. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा, फोटोवरून नाही. चासी नंबरवर रंगाचे थर असतील तर खरवडून दाखवायला सांगा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर भाव कितीही खाली आला तरी गाडी घेऊ नका, तिचं पासिंग होणार नाही.