फूबार २००० : गाण्यांच्या याद्या करण्यासाठी आणि जपण्यासाठी

सीडी आणि कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीते, भावगीते आणि अभंग ज्यांनी संगणकात वर्षानुवर्षे जमवले आहेत, त्यांनी विंडोजवर फूबार २००० हे गाणी वाजवण्याचे मोफत सॉफ्टवेअर जरूर वापरून पाहावे. पीटर पावलोव्स्की यांनी ते २००२ साली प्रथम प्रसिद्ध केले आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या येत आहेत. पहिल्या भेटीत ते रूक्ष वाटते, कारण त्यात ना सजावट आहे, ना गाण्यांच्या शिफारशी. पण प्लेलिस्ट, म्हणजे गाण्यांच्या याद्या, या एका कामात ते फारच उजवे आहे.

प्रत्येक यादी वर टॅबमध्ये दिसते. कंट्रोल आणि एन दाबले की नवी यादी तयार होते, तिच्यात फोल्डरमधून गाणी ओढून टाकावीत आणि हवा तो क्रम लावावा. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले तरी सगळ्या याद्या जागच्या जागी असतात. व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये यादी आठवणीने फाइलमध्ये साठवावी लागते, त्यामुळे हा फरक रोजच्या वापरात फार जाणवतो.

त्याहून मोलाची सोय म्हणजे ऑटोप्लेलिस्ट, म्हणजे अटीनुसार आपोआप भरणारी यादी. ‘प्रकार नाट्यगीत आणि साल १९७० पूर्वीचे’ अशा अर्थाची अट शोधखिडकीत लिहून ती यादी म्हणून ठेवली, की संग्रहात पुढे येणारे प्रत्येक जुने नाट्यगीत आपोआप तिच्यात दाखल होते. मात्र अट लिहिण्याची पद्धत थोडी शिकावी लागते, आणि गाण्यांच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमध्येच नोंदलेल्या माहितीत, प्रकार व साल नीट भरलेले नसेल तर ही सोय निरुपयोगी ठरते. मराठी संग्रहांत नेमके तेच बहुधा रिकामे असतात. अशा यादीत हाताने एखादे गाणे घालता किंवा काढता येत नाही, म्हणून मैफलीसाठी क्रम ठरवायचा असेल तर तीच गाणी साध्या यादीत उतरवून घ्यावीत.

यादी फाइल म्हणून साठवताना मात्र विचार करावा. एफपीएल हा या सॉफ्टवेअरचा स्वतःचा प्रकार आहे आणि इतर प्लेअरना तो वाचता येत नाही. माझ्या मते एमथ्रीयू८ हाच प्रकार निवडावा, कारण तो यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत लिहिलेला साधा मजकूर असतो आणि त्यात देवनागरी नावे शाबूत राहतात. जुन्या साध्या एमथ्रीयूमध्ये त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याचा धोका असतो. एमथ्रीयू८ फाइल नोटपॅडमध्ये उघडली की ओळीमागून ओळ प्रत्येक गाण्याचा डिस्कवरील पत्ता दिसतो. म्हणजे यादीच्या फाइलमध्ये गाणी नसतात, केवळ त्यांचे ठिकाण नोंदलेले असते. यादी पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर गेल्यास गाण्यांच्या फाइलीही सोबत न्याव्या लागतात. विंडोजने बाहेरच्या हार्ड डिस्कला दिलेले अक्षर ‘ई’चे ‘एफ’ झाले, तर त्या अक्षरापासून सुरू होणारे सगळे पत्ते एकदम चुकतात. तेव्हा नोटपॅडमधील ‘शोधा आणि बदला’ वापरून अख्खी यादी क्षणात दुरुस्त करता येते. एफपीएलमध्ये असा हात घालता येत नाही.

स्ट्रीमिंगवरच गाणी ऐकणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही. स्वतःचा संग्रह असणाऱ्यांनी मात्र आधी टॅग भरण्याचे काम हाती घ्यावे, आणि महत्त्वाच्या याद्यांची एमथ्रीयू८ प्रत गाण्यांच्याच डिस्कवर ठेवावी.