आठ महिने इंकस्केप आणि स्क्रायबस: फुकटात भागतं का?

बीएफए अप्लाइड, सेकंड इयर, पुणे. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आणि त्याचे हप्ते पप्पा अजून भरतायत, त्यामुळे वर परत दर महिन्याला सॉफ्टवेअरचं भाडं मागायची माझी हिंमत नव्हती. भाडंच ते. अडोबीचं सीएस ६ (इलस्ट्रेटर, फोटोशॉप वगैरेंचा संच) एकदा पैसे भरून कायमचं मिळायचं, २०१३ पासून नवीन सगळं क्लाऊडवर, पैसे थांबले की सॉफ्टवेअर थांबलं. स्टुडंटना सवलत आहे पण मेसचं बिल भरून झाल्यावर ती सवलतपण जड जाते. हॉस्टेलवर त्यावरचा उपाय म्हणजे सीनियरचा पेन ड्राइव्ह, आधी अँटिव्हायरस बंद कर मग क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी चालवणारी फाईल, टाक. मी एकदा केलं, विंडोज परत टाकावं लागलं, नाद सोडला.

तर इंकस्केप, म्हणजे इलस्ट्रेटरसारखंच पण फुकट ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर. लोगो, आयकॉन, पोस्टर सगळं होतं. पेन टूलला हात बसायला दोन आठवडे गेले, शॉर्टकट वेगळे आहेत म्हणून चिडचिड होते, मग विसरायला होतं. देवनागरी मात्र एक नंबर. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फुकट फॉन्ट टाकले, 'क्षितिज' लिहिलं, वेलांटी जागेवर, जोडाक्षर जागेवर. लॅबमधल्या पेड सॉफ्टवेअरमध्ये यासाठी आधी टेक्स्टची सेटिंग शोधत बसावं लागलं होतं.

आता रडगाणं. गॅदरिंगच्या एकांकिकेची ५०० पत्रकं मी केली, इंकस्केपमधून थेट पीडीएफ काढली आणि प्रेसला दिली. छापून आली तर नटांची बारीक नावं सगळी धुरकट, अक्षराच्या एका कडेला गुलाबी सावली. प्रेसवाले काका म्हणाले, "अरे, तुझा काळा चारी प्लेटवर गेलाय, सिंगल ब्लॅक नको का करायला?" इंकस्केपची पीडीएफ आरजीबीमध्ये (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा) निघते, तिचं सीएमवायके (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळी, काळी अशा चार शाई, प्रत्येकीची वेगळी प्लेट) करताना काळा चार शाईंत वाटला गेला आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेट एकमेकींवर नेमक्या बसणं, केसभर हललं की संपलं. चूक माझीच, विचारलंच नव्हतं. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर अजून थंबनेल काढतोय.

तेव्हापासून छपाईचं काम स्क्रायबसमधूनच, हे पानं मांडून प्रेससाठी पीडीएफ काढायचं फुकट सॉफ्टवेअर. एसव्हीजी (इंकस्केपची फाईल) आत घेतली की कलर लिस्टमध्ये 'फ्रॉमएसव्हीजी' नावाने सुरू होणारे रंग दिसतात, त्यातला काळा उघडायचा, सीएमवायके करायचा, के म्हणजे काळा १००, बाकी तिन्ही शून्य. टेक्स्ट आधीच इंकस्केपमध्ये पाथ (फॉन्ट न लागणारे नुसते आकार) करून ठेवायचं, म्हणजे प्रेसवाले ज्याला 'कर्व्ह करून दे' म्हणतात तेच. पाच मिनिटांचं काम आहे, पण हे कोणी शिकवत नाही कारण शिकवणाऱ्यांनी स्क्रायबस उघडलेलंच नसतं. दिसायलाही ते जुनाटच आहे, खोटं कशाला बोलू.

फोटोसाठी गिंप, तेही फुकट, ३.० आल्यापासून फिल्टर नंतर बदलता येतात म्हणून बरंच सुसह्य झालंय. सबमिशनला एआय फाईलच (इलस्ट्रेटरची) हवी असते, ती मी लॅबमध्ये बसून करतो, चार वाजता लॅब बंद, त्यामुळे आदल्या दिवशी रांग. मित्राची एआय फाईल इंकस्केपमध्ये उघडते, पण लेयर आणि टेक्स्टची वाट लागलेली असते.

इंटर्नशिपला विचारतात इलस्ट्रेटर येतं का, तेव्हा 'इंकस्केप येतं' म्हटलं की समोरचा गप्प होतो. तेवढ्यासाठी कधीतरी पैसे भरावे लागणार हे दिसतंय. फक्त अडोबीचा तो वर्षाचा करार आणि महिन्याचा हप्ता असलेला प्लॅन डोळे मिटून घेऊ नका, १४ दिवसांनंतर रद्द केला तर उरलेल्या वर्षाच्या पैशातले निम्मे भरावे लागतात.