दादरचा एक इंग्रजी संभाषणवर्ग : आदर भरपूर, दुरुस्ती अपुरी

दादर पश्चिमेला संध्याकाळी भरणाऱ्या या संभाषणवर्गात मराठी माध्यमातून शिकलेली, नोकरी करणारी मंडळी प्रामुख्याने येतात. चारचौघांत चुकलो तर हसे होईल ही भीती त्यांच्या मनात शाळेपासून घर करून असते, त्यामुळे शिक्षक कोणते पुस्तक वापरतात यापेक्षा ते कसे बोलतात याला मी अधिक महत्त्व देतो.

येथील शिक्षिका विशीतल्या मुलीलाही अहो-जाहो करतात, कोणाचे वाक्य मध्येच तोडत नाहीत आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर सुचेपर्यंत शांतपणे थांबतात. हे थांबणे केवळ सौजन्याचे नाही. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच वाट पाहतात आणि ही वाट ३ सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात, हे अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत दाखवून दिले होते.

विनंती करण्याचा पाठ मला सर्वांत उपयुक्त वाटला. मराठीत ‘फॉर्म द्या’ म्हटले की आदर क्रियापदातच येतो. इंग्रजीत तेच आज्ञार्थी वाक्य साहेबांना हुकमासारखे वाटू शकते, म्हणून ‘कुड यू’ने सुरुवात करून समोरच्याला नकाराची वाट मोकळी ठेवायची, हे त्यांनी बँकेतील आणि इस्पितळातील प्रसंग वठवून घेत शिकवले. ऐकणाऱ्यावर दडपण येऊ न देणे हा सभ्यतेचा एक प्रमुख प्रकार असल्याचे ब्राउन आणि लेव्हिन्सन या भाषा-अभ्यासकांचा सिद्धांत सांगतो, आणि येथे तो सरावातून अंगवळणी पडतो.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र हीच मृदुता आड येते. विद्यार्थी चुकला की बाई तेच वाक्य बरोबर करून उच्चारतात आणि पुढे जातात. आपले चुकले होते हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. लिस्टर आणि रांटा या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच शिकवणाऱ्या वर्गांविषयी हेच नोंदवले होते : शिक्षकांच्या दुरुस्त्यांत निम्म्याहून अधिक या प्रकारच्या होत्या, पण त्यांना विद्यार्थ्यांचा प्रतिसाद सर्वांत कमी मिळत असे. बाईंनी चुका टिपून ठेवून तासाच्या अखेरीस, नाव न घेता, फळ्यावर लिहाव्यात आणि वर्गाकडूनच सुधारून घ्याव्यात. त्यात कोणाचाही अवमान होणार नाही.

विद्यार्थ्यांचा आदर बहुधा गप्प बसण्यातून व्यक्त होतो. न समजलेले पुन्हा विचारणे म्हणजे बाईंना उलट बोलणे, असे मानणारे वर्गात बरेच आहेत. यावर उपाय म्हणून पहिल्याच तासाला ‘सॉरी मॅडम, कुड यू रिपीट दॅट?’ हे वाक्य सर्वांकडून म्हणवून घेतले जाते, आणि ते कोणी पुढे खरोखर वापरले की बाई मनापासून आभार मानतात.

फीची चौकशी करताना कार्यालयात मिळणारी उत्तरे तुटक असतात, तेवढी सुधारायला हवीत. मुलाखतीची तयारी तातडीने करायची असेल तर येथील वेग कमी पडेल. ज्यांचे तोंडच उघडत नाही अशांनी मात्र निःशंकपणे नाव नोंदवावे.