बर्फाच्या मशीनचं फिल्टर घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

लातूरला माझं ज्यूस सेंटर आहे, बारा वर्षं झाली. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात दीड महिना शटर खाली होतं, तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत मी हयगय करत नाही. तरी पण फसलो, म्हणून हे लिहायलो.

माझ्याकडं क्यूबचं मशीन आहे, दिवसाला शंभर किलोवालं. नळाला पाणी आलं तर ठीक, नाहीतर बोअर, मे महिन्यात टँकर. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला चार दिवसात पांढरा थर बसतो. मशीनच्या मागं जे फिल्टर असतं ते दर सहा महिन्याला बदलावं लागतं आणि ओरिजिनल कार्ट्रिज सात हजाराच्या घरात जातं. फेब्रुवारीत एक माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, बोलायला एकदम गोड. म्हणाला भाऊ, कंपनीचाच माल आहे, मधला डीलर काढला म्हणून 2,800 ला देतो. मी म्हणलं खरं कशावरून, तर त्यानं बॅगेतून दोन सळयांचं यंत्र काढलं, पिन बोर्डात लावली, एका ग्लासात माझं बोअरचं पाणी आणि दुसऱ्यात "आमच्या फिल्टरचं" म्हणून स्वतःच्या बाटलीतलं. बटण दाबल्यावर मिनिटभरात माझा ग्लास पिवळा, मग चॉकलेटी, वर काळा गाळ तरंगायला लागला. त्याचा ग्लास जसाच्या तसा. गिऱ्हाईक उभं राहून बघत होतं, मला तर मळमळायला लागलं की एवढे दिवस लोकांना आपण हे पाजलं का. तिथंच तीन कार्ट्रिज घेतले, 8,400 रुपये, आणि हातात काय तर कच्ची पावती.

पहिला महिना काहीच कळलं नाही, पाणी स्वच्छच दिसायचं. मग बर्फ पोटात पांढरा यायला लागला, नंतर ज्या प्लेटवर जमतो तिच्यावरून सुटेना, बर्फाचा जो घाणा वीस-पंचवीस मिनिटात पडायचा त्याला पाऊण तास. ऐन एप्रिलमध्ये, लग्नाच्या ऑर्डरी घेतलेल्या, आणि मी बाहेरून लादी आणायलो.

मेकॅनिकनं पुढचं झाकण काढलं तर प्लेटवर चुन्याचा थर, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. त्यानं जुनं वाळलेलं ओरिजिनल माझ्या एका हातात दिलं आणि नवंकोरं दुसऱ्या हातात. नवं निम्म्या वजनाचंही नव्हतं. मग हॅक्सॉ ब्लेडनं दोन्ही कापले. जुन्यात काळ्या कार्बनचा घट्ट ठोकळा आणि चुन्याचा थर धरू न देणाऱ्या पॉलीफॉस्फेटचे थोडे उरलेले खडे. नव्यात घरच्या प्युरिफायरला पुढं लावतात ती पांढरी कॅन्डल, बाकी पोकळ. ती फक्त माती अडवते. क्षार सरळ आत, क्लोरीन पण आत.

डिस्केलिंग म्हणजे तो थर काढणं, पाण्याचा व्हॉल्व आणि पंप मिळून 11,500 गेले, धंदा बुडाला तो वेगळा.

त्या सळयांचं पण मेकॅनिकनंच सांगितलं. त्या लोखंडाच्या असतात, पाण्यात क्षार असले की करंट जातो, लोखंड विरघळतं, त्याचाच तो रंग. त्या विकणाऱ्याच्या बाटलीत आरओचं पाणी, त्यात क्षार अगदी कमी म्हणून करंट जवळजवळ जातच नाही. पाणी घाण की चांगलं ह्याच्याशी काही संबंध नाही. आणि हे नीट ऐका, मशीनचं साधं फिल्टर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कमी करतच नाही, ते काम आरओचं. कार्बन क्लोरीन आणि वास काढतो, फॉस्फेट क्षार काढत नाही, फक्त प्लेटला चिकटू देत नाही. त्यामुळं कुणी साध्या कार्ट्रिजनं टीडीएस उतरवून दाखवत असेल तर तो खोटं बोलायलाय.

आता मी आधी लॅबमधून पाण्याचा जडपणा काढून आणला, लिटरला 540 मिलिग्रॅम निघाला. सरकारी मानकात 200 पर्यंत चांगलं आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे माझं काठावरच. एवढ्या जड पाण्याला फॉस्फेटवालं लागतंच. मशीनच्या पुस्तकात मिनिटाला किती लिटर पाणी लागतं ते असतं, कार्ट्रिजवरचा फ्लो त्याच्यापेक्षा कमी नको, नाहीतर मशीन उपाशी राहतं. आणि पक्कं बिल, त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघायचा मगच पैसे.

1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, पण पावतीवर ना पत्ता ना जीएसटी, फोन बंद, त्यामुळं पुढं सरकंना. तुमच्याकडं पण खरेदीला दोन वर्षं झाली नसतील तर ग्राहक आयोगात जाता येतं, पावती जपून ठेवा.

परवा परभणीच्या एका आइस्क्रीमवाल्याचा फोन होता, तसाच माणूस, तशीच काळी बॅग. तुमच्या दुकानात आला तर त्याच्या चांगल्या पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि मग त्याला बटण दाबायला सांगा. मी घरी करून बघितलंय, आरओचं पाणी पण तसंच चॉकलेटी होतं.