घडीची सायकल: १६ इंची की २० इंची?

चुलतभाऊ ठाण्याला राहतो, ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. कुर्ल्याच्या शेअर रिक्षाच्या रांगेला कंटाळून त्याने घडीची सायकल घ्यायचं ठरवलंय. एकीकडे १६ इंची चाकांची ब्रॉम्प्टन, दुसरीकडे डहॉन किंवा डेकॅथलॉनच्या टिल्टसारखी २० इंची. मी त्याला एवढंच विचारलं, "लोकल कितीची पकडतोस?"

कारण ऐन गर्दीच्या फास्टमध्ये कुठलीच सायकल शिरत नाही. तिथे माणूसच घडी होऊन शिरतो. सातच्या आधी निघणार असशील, तर मात्र ब्रॉम्प्टनला तोड नाही. तिचं मागचं चाक पोटाखाली वळतं, साखळी दोन चाकांच्या मध्ये दडते, त्यामुळे शेजारच्याच्या पँटला वंगण लागत नाही. घडी केल्यावर जाडी जेमतेम २७ सेंटिमीटर. २० इंची मधोमध दुमडते, लांबी ८० सेंटिमीटरच्या आसपास राहते आणि साखळी बहुतेक वेळा बाहेरच्या अंगाला. दारात उभं राहून एवढं धूड सांभाळायचं म्हणजे शिव्या ठरलेल्या. वजनातला फरक दोन-तीन किलोंचाच, पण कुर्ल्याचा पूल चढताना तो कळतो.

स्टेशनबाहेर पडलं की पारडं फिरतं. चाक जितकं लहान, तितका खड्डा मोठा. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर १६ इंची चाक मनगटापर्यंत हादरे देतं. २० इंचीला जाड टायर बसतो, तो निम्मं काम करतो.

पावसाळ्याचं गणित वेगळं. २० इंचीचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा भाग, जमिनीलगत लोंबतो, चिखलपाणी खातो. ब्रॉम्प्टनचे तीन गिअरवाले मॉडेल घेतले, तर गिअर चाकाच्या मधल्या तुंब्यात, हबमध्ये, बंद असतात. पण तिची नेहमीची फ्रेम स्टीलची आहे. रंग उडालेल्या जागी खाऱ्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. पंक्चरसाठी मागचं चाक काढायचं, तर गिअरची तारही सोडवावी लागते. नाक्यावरचा पंक्चरवाला आधी सायकलकडे बघतो, मग तुमच्याकडे.

किंमत? ब्रॉम्प्टन लाखाच्या पुढे, टिल्ट तिच्या मानाने किरकोळ. लाखाची सायकल ऑफिसखाली कुलूप लावून ठेवणार नाहीस. ती टेबलाखाली मावते, म्हणूनच परवडते.

आता सुट्टीची भटकंती. गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर, पुढे रेवदंडा. ब्रॉम्प्टनची पुढची पिशवी हँडलवर नाही, फ्रेमवर अडकते, त्यामुळे सामान असूनही हँडल जड होत नाही. ही सोय मला फार आवडते. पण टायर फाटला की पंचाईत: तिच्या रिमचं माप ३४९ मिलिमीटर, आणि लहान मुलांच्या '१६ इंची' सायकलचं ३०५. नाव तेच, टायर बसत नाही. २० इंचीचं सर्वसाधारण माप ४०६, तेच मुलांच्या बीएमएक्सचं. वाटेवरच्या चौलच्या दुकानातही मिळून जाईल.

चुलतभावाची लोकल ८:४२ ची आहे. त्याला म्हटलं, लोकल सोड, २० इंची घे आणि घरापासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत चार दिवस चालवून बघ. सायनपर्यंतचा रस्ता सोसवला, तर बीकेसी पुढे लांब नाही. नाही सोसवला, तर ब्रॉम्प्टन आणि सातच्या आधीची लोकल; त्यासाठी साडेसहाचा गजर लावायची तयारी आहे का, ते बायकोला विचारून ठरव.